मॅडमचा घसा बसला त्या मोसमात

कॉलेजात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की शिट्टी. हे तिला ठाऊक होतं. रागवायचं नाटक ती करायची, पण मनातून ते नाव तिला आवडायचं. शिट्टी वाजली की माणसं जागच्या जागी थांबतात. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

ती होती चणीने लहान. बास्केटबॉल शिकवणारी बाई म्हटल्यावर लोक आधी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायचे, मग नजर खाली आणायचे. तिचे वडील गाड्या दुरुस्त करायचे. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर त्यांनी एका जुन्या पिंपाची लोखंडी कडी ठोकून दिली होती, आणि शेजारपाजारची सगळी पोरं तिथे खेळायला जमायची. तिचे दोघे भाऊ तिच्याहून हातभर उंच. त्या दांडगटांच्या गर्दीत या चिमुरडीला बॉल कोण देणार? मग ती बेंबीच्या देठापासून ओरडायची, "मला दे! मला दे की रे!" शेवटी कान किटले म्हणून का होईना, कुणीतरी द्यायचं. ओरडल्याशिवाय काही मिळत नाही, हे ती तिथे शिकली, आणि नंतर कॉलेजच्या संघात, नोकरीत, संसारात तिला ते खोटं ठरवणारं फारसं कुणी भेटलं नाही.

संसारात मात्र जोडीदार शांत मिळाला. नवरा कवळ्या बनवायचा. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं वर्कशॉप. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि हवेत सदा एक गोडसर जळका वास. "घरात एवढी दातांची पंगत," तो म्हणायचा, "पण बोलणारं तोंड एकच." ती हसायची आणि बोलतच राहायची.

त्या वर्षी मुलींच्या संघाची सुरुवात दृष्ट लागावी अशी झाली. कारण होती जिराफ. पहिल्या वर्षाची ही मुलगी प्रवेशाच्या रांगेत उभी असताना मॅडमनी तिला हेरलं होतं. पोरगी अशी उंच की पुढच्या मुलींच्या डोक्यावरून तिला थेट खिडकीतला कारकून दिसत होता. पण उभी होती पाठीला पोक काढून, जणू उंची ही दुसऱ्या कुणाची वस्तू होती आणि ती लपवून आणली होती.

"वाकतेस कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"सवय झालीय," ती पुटपुटली. "शाळेत सगळे जिराफ म्हणायचे."

"मग म्हणू देत. जिराफाला वरचा पाला मिळतो. उद्या सकाळी कोर्टवर ये."

ती आली. एका महिन्यात तिची पाठ सरळ झाली आणि जिराफ हे नाव संघातल्या मुली लाडाने घेऊ लागल्या. बॉल तिच्या हातात द्यायचा, तिने हात वर करायचे आणि बास्केटमध्ये सोडायचा, इतकं सोपं. मॅडम बाकासमोर येरझाऱ्या घालत ओरडायच्या, "जिराफला द्या! जिराफला!" आणि सामने एकामागून एक खिशात पडत गेले. प्राचार्यांनी संघाचा फोटो नोटीस बोर्डावर लावला. मॅडमनी घरी फळीवरच्या जबड्यांनासुद्धा सामन्यांची हकिगत ऐकवली, कारण नवरा जेवायला उठून गेला होता.

पण समोरचे संघही काही डोळे मिटून बसलेले नव्हते. एका सामन्यात जिराफच्या अंगाला दोन मुली चिकटल्या. पुढच्या सामन्यात तीन. बॉल तिच्याकडे गेला रे गेला की तिच्याभोवती हातांचं कुंपण उभं राहायचं. बॉल हिसकावला जायचा, नाहीतर ती गडबडीत कसाबसा फेकायची आणि तो बोर्डालाही लागायचा नाही. संघ हरला. मग पुन्हा हरला. सुरुवातीला ज्यांना लोळवलं होतं त्यांच्याकडूनही हरला, आणि तेही चांगलाच.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, पोरींना झालंय तरी काय?"

"ढिल्या पडल्यात, सर. यश डोक्यात गेलंय. मी कणीक तिंबते त्यांची, बघा तुम्ही."

आणि तिने तिंबली. सकाळच्या सरावात कोर्टला फेऱ्या, संध्याकाळच्या सरावात पुन्हा फेऱ्या. चुकलं की फेऱ्या, उशीर झाला की फेऱ्या. मुली तोंडातून शब्द न काढता पळायच्या. पूर्वी सरावात त्यांचा नुसता चिवचिवाट चालायचा. आता बुटांची करकर आणि मॅडमचा आवाज, एवढंच ऐकू यायचं. जिराफची पाठ पुन्हा वाकू लागली होती. ते मॅडमना दिसत होतं, पण त्यांनी त्याचं औषध ठरवून टाकलं होतं: आणखी फेऱ्या.

एका संध्याकाळी थोरली थांबली. थोरली म्हणजे कप्तान. शेवटच्या वर्षाची, सगळ्यांत मोठी, म्हणून थोरली. बोलायला मृदू, पण एकदा पाय रोवला की हलायची नाही. फेरीच्या मध्येच ती उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागली. बाकीच्याही तिच्यामागे एकेक करून थांबल्या.

"काय झालं?" मॅडम कडाडल्या.

"मॅडम, आम्ही आज आणखी पळणार नाही."

"काय म्हणालीस?"

"पळून काही होत नाहीये, मॅडम. आम्ही दमून सामन्याला जातो आणि हरून येतो."

मॅडमच्या मस्तकात तिडीक गेली. इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. "तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे? इथे उन्हातान्हात घसा कोरडा करते ती कुणासाठी? तुमच्या वयाची असताना मी..."

आणि तिथे आवाज गेला. आधी चिरकला, मग फाटला आणि मग नुसती हवा. तोंड हलतंय, मानेच्या शिरा ताणल्यात आणि आवाजाचा पत्ता नाही. त्यांनी खाकरून पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं. दार जमिनीला घासावं तशी खरखर आली आणि विरून गेली.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती होती चष्मा. जाड भिंगांचा चष्मा डोक्यामागे पट्ट्याने बांधून खेळणारी, नेम उत्तम पण बॉल हातात आला की घाबरणारी. तिने लगेच तोंडावर हात दाबला. मॅडमनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि हातानेच खूण केली: जा. मुली गेल्या. थोरली फाटकापर्यंत जाऊन वळली, काही बोलावं की नाही असं तिला झालं, आणि मग तीही गेली. मॅडम बाकावर बसल्या. डोळे भरून आले होते. ते रागाने की आणखी कशाने, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि मान हलवली. "स्वरतंतू सुजलेत. आता बोलणं बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त बिघडतं."

"किती दिवस?" हे तिने बोटांनी विचारलं.

"सूज उतरेपर्यंत. आणि मॅडम, तुमच्याकडे बघून सांगतो, ही सूज एका दिवसाची नाही."

घरी नवऱ्याने बातमी ऐकली आणि हातातली मेणाची पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे आता मी बोलायचं?" आणि खरंच बोलायला लागला. त्याच्याकडे इतकं साठलेलं असेल याची तिला कल्पनाच नव्हती. एका म्हाताऱ्याने कवळी घालून पहिल्यांदा शीळ कशी वाजवली, एक बाई मैत्रिणीसारखेच दात हवेत म्हणून कशी अडून बसली, सगळं त्याने रंगवून सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्येच बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची.

दोन दिवसांनी सामना होता. जाऊ नये असं तिच्या मनात आलं, पण घरी बसवेना. ती जाऊन बाकावर बसली, गळ्याभोवती रुमाल, ओठ घट्ट मिटलेले. ओरडता येत नव्हतं म्हणून ती नुसती बघत राहिली. बघण्याशिवाय दुसरं काही न करता संघाचा आख्खा सामना पाहायची तिची ही पहिलीच वेळ होती.

आणि थोड्या वेळात तिला ते दिसलं. थोरलीच्या हातात बॉल आला. समोर रस्ता मोकळा होता, लहान मूलही आत शिरलं असतं. थोरलीने आत पाहिलं नाही. तिने मान वळवून बाकाकडे पाहिलं. तेवढ्यात रस्ता बंद झाला. मग बॉल चष्माकडे गेला. तिचीही मान बाकाकडे. मग तिसरी, मग चौथी. ज्या मुलीच्या हाती बॉल यायचा ती आधी मॅडमच्या तोंडाकडे बघायची. तिकडून आवाज येत नव्हता, म्हणून मग नाइलाजाने बॉल जिराफकडे जायचा. जिराफभोवती तीन मुलींचं कडं, आणि तिच्याच संघातल्या बाकीच्या चौघी दूर उभ्या, बस चुकलेल्या माणसांसारख्या.

मॅडमनी चमकून बाकाची कड धरली. मुली ढिल्या नव्हत्या. त्या वाट बघत होत्या, तिच्या आवाजाची. आणि तो आवाज एकच गोष्ट सांगत आला होता.

त्या दिवशीही संघ हरला. मुली कपडे बदलायच्या खोलीत माना खाली घालून बसल्या. आता आवाज नसला तरी काहीतरी होणारच, या धास्तीने. मॅडम आत आल्या. खोलीत एक पांढरा फळा होता. त्यांनी पेन उचललं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: चूक माझी आहे.

त्यांनी खाली आणखी लिहिलं: तुम्हाला काय दिसतं ते सांगा. मग पेन थोरलीच्या हातात दिलं आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

सगळ्यांना बोलण्याची सवयच राहिली नव्हती. शेवटी चष्मानेच तोंड उघडलं. "मॅडम, त्या दिवशी मी हसले. सॉरी."

मॅडमनी हात झटकला: पुढे बोल.

"मला... मला बॉल आला की भीती वाटते. कारण मला माहीत असतं, मी टाकला आणि चुकला तर सगळे म्हणणार, जिराफला का नाही दिलास."

"आणि मला भीती वाटते तू देशील याची," जिराफ म्हणाली. ती इतकं मोठ्याने बोलू शकते, हे कुणाला माहीत नव्हतं. "तिघी तिघी अंगावर येतात. माझ्या बरगड्या बघ. काळ्यानिळ्या झाल्यात. आणि वाईट याचं वाटतं की मला सगळं दिसत असतं."

"काय दिसतं?" थोरलीने विचारलं.

"तुम्ही. मी सगळ्यांच्या डोक्यावरून बघते ना. तिघी माझ्याजवळ असतात म्हणजे तुमच्यातल्या दोघी तरी मोकळ्या असतात. चष्मा तर नेहमी मोकळी असते, तिथे उजव्या कोपऱ्यात, एकटीच. पण मला द्यायचं नसतं, टाकायचंच असतं. असंच आहे ना आपलं?"

मग थोरली उठली आणि फळ्यावर गोळे काढू लागली. "थांब. म्हणजे बॉल तुझ्याकडे जाऊ दे, येऊ देत तिघींना तुझ्यावर. तू फक्त उंच धर. आम्ही उभ्या नाही राहायचं, पळायचं. तू ज्या मोकळ्या असतील त्यांना द्यायचं."

"मी चुकले तर?" चष्मा.

"चुकलीस तर पुन्हा तुलाच देईन," जिराफ म्हणाली. "मला कंटाळा आलाय एकटीने हरायचा."

मग जो गलका झाला तो काही विचारू नका. प्रत्येकीला फळ्यावर काहीतरी काढायचं होतं, एकीने काढलेलं दुसरी पुसत होती. स्टुलावर बसलेल्या बाईंच्या जिभेवर निदान डझनभर सूचना आल्या होत्या, त्यातल्या तीन-चार तर चांगल्याच होत्या. घशाने साथ दिली असती तर त्यांनी त्या नक्की सांगितल्या असत्या, आणि मुली पुन्हा गप्प झाल्या असत्या. त्या दिवशी सुजलेल्या घशाने मोठं काम केलं.

सरावाची तऱ्हा बदलली. मुलींनीच नियम केला की जिराफने बास्केटमध्ये बॉल टाकायचाच नाही, फक्त पास द्यायचे. आधी नुसता गोंधळ. एकमेकींवर आदळत होत्या, पास भिंतीवर जात होते, एकदा बॉल थेट मॅडमच्या चहाच्या पेल्यावर. पण तोंडं सुटली होती. "उजवीकडे!" "मागे बघ गं!" "मी आहे, मी आहे!" कोर्टवर पुन्हा चिवचिवाट सुरू झाला. पुढचा सामना संघ हरला, पण अगदी शेवटच्या क्षणाला, आणि मुली रडत नाही तर भांडत बाहेर आल्या: तू वळायला हवं होतंस, नाही, तूच लवकर दिलास. मॅडमना ते भांडण गाण्यासारखं वाटलं.

आता पंचाईत वेगळीच झाली. घसा बरा झाला. डॉक्टरांनी हळूहळू बोलायला परवानगी दिली, आणि पुढचा सामना होता सगळ्यांत बलाढ्य संघाशी. तो सामना गमावला असता तर मोसम तिथेच संपला असता.

"अहो," ती सकाळी नवऱ्याला म्हणाली, आवाज अजून घोगरा, "माझा माझ्यावर भरवसा नाही. मी ओरडणार. पहिल्या मिनिटाला ओरडणार. मला काहीतरी बनवून द्या."

"काय बनवून देऊ?"

"ते मुष्टियोद्धे तोंडात घालतात ना, दातांचं रबरी आवरण. तसलं. जाड."

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. "बस खुर्चीत," तो म्हणाला, "आणि आ कर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगतोय." त्याने मापं घेतली, आणि दुपारपर्यंत निळ्या रबराचं एक आवरण बनवून तिच्या हातात ठेवलं. तोंडात घातलं की ओठ बदकासारखे दिसत. तो हसला नाही. अगदी निघताना थोडासा हसला, इतकंच.

सामना अटीतटीचा झाला. समोरच्या संघाने अपेक्षेप्रमाणे जिराफला तिघींनी घेरलं. जिराफने बॉल दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, त्यांच्या हातांच्या खूप वर, आणि शांतपणे इकडे तिकडे पाहिलं. थोरली तिच्या बाजूने आत घुसली, बॉल तिच्या हातात अलगद पडला आणि बास्केट. पुन्हा तेच, पण आता बॉल कोपऱ्यात, चष्माकडे. चष्माचा पहिला नेम चुकला. मॅडमचे दात रबरात रुतले. पुढच्याच खेपेला जिराफने पुन्हा चष्मालाच दिला. तोही चुकला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा चष्माने विचार करायला वेळच घेतला नाही, बॉल नुसता सोडला, आणि जाळी हलली. एकदाही कुणाची मान बाकाकडे वळली नाही.

अगदी शेवटी, एका गुणाने मागे असताना, थोरलीने टाइमआऊट मागितला. मुली घामाघूम होऊन बाकाभोवती जमल्या. आणि एवढ्या ताणात जुनी सवय वर आली. थोरली म्हणाली, "मॅडम, काय करायचं?"

मॅडमनी तोंड उघडलं. "उम्हाया ए वाहेल हे हरा," त्या म्हणाल्या.

मुली बघत राहिल्या. मॅडमच्या बदकासारख्या ओठांतून एक निळी कड डोकावत होती.

"काय?" थोरली.

"उम्हाया ए वाहेल हे हरा!"

पहिली हसली ती चष्माच. मग जिराफ. मग सगळ्याच अशा हसत सुटल्या की रेफरी वळून बघायला लागला. मॅडमनी आवरण काढायला हात तोंडाशी नेला, मध्येच थांबवला आणि खाली घेतला. हातानेच त्यांनी खूण केली: तुमचं तुम्ही.

"बरं," थोरली डोळे पुसत म्हणाली, "मी सांगते. जिराफ, तू वर धर. सगळ्यांना वाटेल मी आत येणार. मी येते, पण मला देऊ नको."

"मग कुणाला?"

"मोकळी असेल तिला."

मोकळी होती एक बुटकी, दुसऱ्या वर्षाची. त्या सगळ्या मोसमात तिने मोजून चारदोन वेळा बास्केटकडे बॉल फेकला असेल. बॉल हातात आला तेव्हा तीच सगळ्यांत जास्त दचकली. तिने तो दोन्ही हातांनी, लहान मुलं टाकतात तसा, खालून वर उडवला. तो कडीवर नाचला, एकदा, दोनदा, आणि आत पडला.

पुढचं काही मॅडमना नीट आठवत नाही. मुलींच्या ढिगाऱ्यात त्या कुठेतरी तळाशी होत्या, कुणाचा तरी कोपर त्यांच्या कानावर होता. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सामना सांगितला, आणि सांगता सांगता मध्येच थांबून विचारलं, "तुमचा दिवस कसा गेला?" त्याला आधी प्रश्नच कळला नाही.

संघ पुढे आणखी काही सामने जिंकला. करंडक काही मिळाला नाही. उपांत्य फेरीत एका चांगल्या संघाने त्यांना स्वच्छ हरवलं. प्राचार्य म्हणाले, "थोडक्यात हुकलं." मॅडम म्हणाल्या, "थोडक्यात नाही, सर. त्या आमच्याहून चांगल्या होत्या. पण आमच्या पोरी शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळत होत्या."

त्याचं मोल प्राचार्यांना किती कळलं कोण जाणे. थोरलीची परीक्षा झाली, ती कामाला लागली आणि संघाला नवी कप्तान हवी होती. मॅडमच्या मनात नाव होतं, त्यांनी सांगितलं नाही. मुलींनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि निघाली ती चष्मा. मॅडमच्या मनात दुसरीच होती. त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याजवळ जरा कुरकुर केली. सकाळी कोर्टवर गेल्या तर चष्मा सगळ्यांच्या आधी येऊन नव्या मुलींना बुटांच्या नाड्या घट्ट बांधायला शिकवत होती. मॅडमनी बॉलची पिशवी खाली ठेवली आणि बाकावर बसून थोडा वेळ तिचं चाललेलं बघितलं.